‘बु.’ आणि ‘खु.’

अहिल्यानगर जिल्ह्यातून वाहत येणारी प्रवरा नदी गोदावरीस मिळण्यापूर्वी ज्या जुन्या गावाजवळून जाते, त्याचे नाव नेवासा. ‘ज्या गावाजवळून’ असे म्हटले खरे. पण वस्तुतः तेथे एक गाव नसून दोन गावे आहेत. नदीच्या दक्षिण तीरावर एक आणि उत्तर तीरावर दुसरे. दोघांचेही नाव नेवासाच. एका काठावर उभे राहून मोठ्याने ‘नेवासेकर हो!’ अशी हाक मारली, तर दोन्ही काठांवरच्या लोकांनी मागे वळून पाहावे, अशी ही स्थिती आहे. यांपैकी दक्षिणेकडचे ते नेवासा खुर्द आणि उत्तरेकडचे ते नेवासा बुद्रुक.

परंतु कागदावर ही नावे एवढी लांब क्वचितच लिहिली जातात. तलाठ्याच्या दप्तरात, मतदारांच्या यादीत, शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेत त्यांचे रूप अगदी आटोपशीर असते : ‘नेवासा खु.’ आणि ‘नेवासा बु.’ एक अक्षर आणि त्यापुढे एक टिंब. एवढ्यावर काम भागते. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्यातील गावांची यादी उघडली, तरी अशी ‘बु.’ आणि ‘खु.’ची जोडी तीत बहुधा आढळतेच. नेवासा तालुक्यातच भेंडा बु. आणि भेंडा खु. ही आणखी एक जोडी आहे. ही अक्षरे रोज डोळ्यांसमोरून जातात, आणि रोज पाहिलेल्या वस्तूविषयी सहसा कोणी प्रश्न विचारीत नाही, तसेच यांचेही झाले आहे. पुष्कळ मुले ‘नेवासा बु’ असेच वाचून पुढे जातात. संक्षेप लिहिताना आखूड असला, तरी वाचताना तो पुरा उच्चारावयाचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

एखाद्या चौकस मुलाने मात्र ‘बु.’चा अर्थ शोधावयाचे ठरविले, तर त्याची प्रथम फसगत होण्याचाच संभव अधिक. घरातील भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेकडे त्याची दृष्टी जाईल. तेथे र., सो., मं. यांच्यानंतर ‘बु.’ हे अक्षर त्याला स्पष्ट दिसेल. तेथे ‘बु.’ म्हणजे बुधवार. मग गावाच्या नावापुढचा ‘बु.’ हाही बुधवारच असला पाहिजे, कदाचित त्या गावी बुधवारी बाजार भरत असेल, असा तर्क तो करील. तर्क वाईट नाही. पण त्याच न्यायाने ‘खु.’ कोणता वार, असे विचारताच तो कोसळतो. पुढे एखाद्या जन्मपत्रिकेत त्याला पुन्हा ‘बु.’ भेटेल. तेथे तो वारही नसतो आणि गावही नसते. तेथे तो बुध हा ग्रह असतो.

अशा रीतीने एकाच अक्षराच्या अंगावर तीन ठिकाणी तीन वेगळे पोशाख चढतात. त्याचा अर्थ त्या अक्षरात नसतो, ते अक्षर जेथे बसले आहे त्या जागेत असतो. ‘शु.’ची गोष्ट तर याहूनही गमतीची आहे. पंचांगात ‘शु.’ म्हणजे शुक्रवार, आणि तिथीच्या आधी आला की ‘शु.’ म्हणजे शुद्ध पक्ष. शुद्ध पंचमी जर शुक्रवारी आली, तर एकाच ओळीत दोन ‘शु.’ शेजारी शेजारी बसतात आणि तरीही पंचांग पाहणारा मुळीच गोंधळत नाही. सवयीच्या माणसाला संक्षेप सोपा वाटतो. नवख्याला तो कोडे वाटतो.

आता गावाच्या नावापुढील ‘बु.’कडे वळू. बुद्रुक आणि खुर्द हे दोन्ही शब्द मूळचे फारसी आहेत. फारसीत ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा, वडीलधारा. आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. बुजुर्गाचा मराठी जिभेवर घासून घासून बुद्रुक झाला. परकी नाणी बाजारात फिरता फिरता गुळगुळीत होतात, तसे शब्दांचेही होते. तथापि मूळ शब्दही मराठीत नाहीसा झालेला नाही. अनुभवाने व वयाने मोठ्या माणसास आजही बुजुर्ग म्हणतात. गावाच्या नावात शिरलेला बुद्रुक आणि सभेत पुढे बसविला जाणारा बुजुर्ग हे एकाच घरचे आहेत, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

खुर्द या शब्दाचे नातेवाईक तर आणखी ओळखीचे आहेत. मोठी नोट मोडून घेतली म्हणजे हातात जी सुटी नाणी येतात, त्यांना ‘खुर्दा’ म्हणतात. लढाईत एखाद्या सैन्याची दाणादाण उडाली, म्हणजे ‘सैन्याचा खुर्दा उडाला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. म्हणजे त्याचे बारीक बारीक तुकडे झाले. हिंदी भाषेत सूक्ष्मदर्शक यंत्रास ‘खुर्दबीन’ असे नाव आहे. ज्या यंत्राने दूरचे दिसते ती दुर्बीण आणि ज्या यंत्राने खुर्द, म्हणजे बारीक, दिसते ती खुर्दबीन. नाण्यांचा खुर्दा, खुर्दबीन आणि नेवासा खुर्द या तिघांत लहानपणाचा हा एक धागा ओवलेला आहे.

एकाच नावाची दोन गावे मुळात असावीतच का, असा प्रश्न येथे उभा राहतो. पूर्वी गावाचे नाव ठेवताना कोणी सभा भरवीत नसे. जेथे वडाचे झाड, तेथे वडगाव किंवा वडाळा. जेथे पिंपळ, तेथे पिंपळगाव. जेथे चिंचा, तेथे चिंचोली. जेथे निंब, तेथे निमगाव. झाडे सगळीकडे तीच, तेव्हा नावेही सगळीकडे तीच झाली. दहा-वीस कोसांच्या परिसराबाहेर फारसा न जाणाऱ्या शेतकऱ्याला त्याची अडचण भासत नव्हती. त्याच्या दृष्टीने वडाळा एकच होता, आणि तो त्याचा होता. अडचण भासली ती दूरच्या कचेरीत बसून अनेक गावांचा सारा गोळा करणाऱ्या कारकुनाला. त्याच्या वहीत दहा वडाळे आणि बारा टाकळ्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांची ओळख पटविण्यासाठी नावाला काही खूण जोडणे प्राप्त झाले.

ही खूण लोकांनी नाना प्रकारांनी जोडली. कोठे गावच्या देवाचे नाव उपयोगी पडले. नेवासा तालुक्यात वडाळा बहिरोबा आहे, तर शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात वडाळा महादेव आहे. दोन वडाळ्यांमधील भांडण जणू दोन देवांनी मिटविले. त्याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर, श्रीरामपूर तालुक्यात टाकळीभान आणि राहुरी तालुक्यात टाकळीमिया आहे. ज्याला नुसते ‘टाकळीला जायचे आहे’ असे सांगून गाडीत बसण्याची सवय असेल, त्याने या जिल्ह्यात जपून राहावे.

परंतु दोन गावे दूर नसून अगदी शेजारी असली, एकाच नदीच्या दोन काठांवर किंवा एकाच ओढ्याच्या दोन बाजूंना असली, म्हणजे देवाची खूणही पुरी पडत नाही. कारण देवही बहुधा दोघांचा एकच असतो. अशी जोडगावे निरनिराळ्या कारणांनी निर्माण होतात. एखाद्या गावची वस्ती वाढते, काही घरे नदीपलीकडच्या आपल्या शेतांजवळ राहावयास जातात, आणि दोन-तीन पिढ्यांत तेथे वेगळे गाव उभे राहते. जाताना त्या लोकांनी भांडीकुंडी व गुरेढोरे नेली, तसे गावाचे नावही बरोबर नेलेले असते. घरात दोन भाऊ असले म्हणजे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतात. तोच न्याय गावांना लागला. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ मोठे शहापूर आणि धाकटे शहापूर अशी गावे आहेत. तेथे ही वाटणी शुद्ध मराठीत झाली. देशावर मात्र बहुतेक ठिकाणी ती फारसीत झाली.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्या वेळी देवगिरीस यादव राजा रामचंद्र राज्य करीत होता. ग्रंथाच्या अखेरीस त्या राजाचा, शकाचा आणि लेखकाचाही उल्लेख आहे. त्या काळी नेवासा होता. पण बुद्रुक नव्हता आणि खुर्दही नव्हता. पुढे चौदाव्या शतकात यादवांचे राज्य बुडाले. 1347 मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरची निजामशाही उदयास आली. ती 1636 पर्यंत टिकली. या राज्यांच्या कचेऱ्यांतून फारसीचा वापर होत असे. गावोगावचे कुलकर्णी व पाटील मराठीतच लिहीत. पण वरच्या दरबाराशी नित्य संबंध असल्यामुळे कचेरीची भाषा त्यांच्या लेखणीत उतरली. थोरला-धाकटा याऐवजी बुद्रुक-खुर्द लिहिले जाऊ लागले ते याच दीर्घ काळात.

छत्रपती शिवाजी महाराजांनी ही फारसीची दाटी कमी करण्याचा यत्न केला. त्यांच्या आज्ञेने राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली तयार झाला. दरबारातील अधिकाऱ्यांची नावे त्यामुळे पालटली. गावांच्या नावांपर्यंत मात्र हा बदल पोहोचला नाही. पदाचे नाव राजा बदलू शकतो. हजारो गावांच्या लोकांच्या तोंडी बसलेले नाव बदलणे ही निराळी गोष्ट आहे. बुद्रुक आणि खुर्द जेथल्या तेथे राहिले.

या शब्दांचे एकेका अक्षरात रूपांतर होणे हेही कारकुनाच्या गरजेतूनच घडले. ज्याला दिवसभरात शेकडो वेळा तेच ते शब्द लिहावे लागतात, तो ते आखूड केल्यावाचून राहत नाही. जुने मराठी कागद मोडी लिपीत असत आणि ते संक्षेपांनी गच्च भरलेले असत. शब्दाचे पहिले अक्षर लिहून त्यापुढे दोन लहान उभ्या रेघा ओढल्या, की वाचणाऱ्याने उरलेला शब्द समजून घ्यावयाचा, असा त्यांचा संकेत होता. पुढे छापखाने आले, इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे आली आणि दोन रेघांच्या जागी एक टिंब आले. रीत तीच राहिली, खूण तेवढी बदलली.

मराठी संक्षेपाची एक लकब येथे पाहण्यासारखी आहे. तो ‘ब.’ असा नसून ‘बु.’ असा आहे. मराठी माणूस संक्षेप करताना पहिले व्यंजन घेत नाही, तर त्याच्या स्वरासह सबंध अक्षर घेतो. म्हणून तालुक्याचा ‘ता.’ होतो, जिल्ह्याचा ‘जि.’ होतो आणि मुक्कामाचा ‘मु.’ होतो. यात थोडी जागा अधिक जाते. पण वाचणाऱ्याला शब्दाचा ध्वनी हाती लागतो. इंग्रजी नकाशांत व याद्यांत हीच गावे ‘बी-के’ आणि ‘के-एच’ या अक्षरांनी दाखवितात. त्यांपैकी ‘के-एच’ ही आपल्या ‘ख’चीच इंग्रजी मांडणी आहे, आणि ‘बी-के’मध्ये बुद्रुक शब्दातील पहिले व शेवटचे अक्षर घेतले आहे. परप्रांतीय माणसाला मात्र यातून काहीच बोध होत नाही. ‘बी-के’ ही कोणा गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे असावीत, असा त्याचा समज झाला, तर त्याला दोष देता येणार नाही.

आता नेवाशाच्या बाबतीतील खरा पेच पाहू. बुद्रुक म्हणजे मोठे आणि खुर्द म्हणजे लहान, असे धरून कोणी नेवाशास गेला, तर तेथे त्याला उलटाच प्रकार दिसतो. तालुक्याची कचेरी, मोठी बाजारपेठ, मोहिनीराजाचे प्रसिद्ध मंदिर, दाट वस्ती हे सारे ‘लहान’ नेवाशात, म्हणजे नेवासा खुर्दमध्ये आहे. आणि पलीकडचे ‘मोठे’ नेवासा बुद्रुक त्या मानाने पुष्कळच लहान आहे. अक्षर एक सांगते आणि डोळे दुसरेच सांगतात. मग अक्षर खोटे म्हणावे काय?

खोटे म्हणण्याचे कारण नाही. बुजुर्ग या शब्दात आकाराचे मोठेपण आहे, तसेच वयाचे व मानाचेही मोठेपण आहे. घरातील थोरला भाऊ उंचीने ठेंगणा असू शकतो आणि धाकटा भाऊ त्याच्यापेक्षा वीतभर उंच वाढू शकतो. म्हणून काही घरात त्यांची नावे कोणी बदलत नाही. उंच झाला तरी धाकटा तो धाकटाच. गावांना बुद्रुक आणि खुर्द ही नावे ज्या दिवशी मिळाली, त्या दिवशीचा त्यांचा मान व आकार त्या अक्षरांत नोंदलेला असतो. त्यानंतर बाजार एका काठावर भरू लागला, कचेरी तेथेच झाली, रस्ता तिकडून गेला, म्हणजे तेथील वस्ती वाढते. अक्षर मात्र वाढत नाही आणि घटतही नाही. ‘बु.’ आणि ‘खु.’ ही आजची मोजमापे नव्हेत. ती जुनी साक्ष आहे. असा उलटा प्रकार एकट्या नेवाशातच घडला आहे असेही नाही. महाराष्ट्रात बुद्रुकाला मागे टाकून गेलेली खुर्दे इतरत्रही आहेत.

शिवाय नेवासे हे स्थानच एवढे प्राचीन आहे, की त्याच्यापुढे बुद्रुक-खुर्द यांचे वय काहीच नव्हे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधक डॉ. हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी 1954 ते 1956 या काळात येथील लाडमोड नावाच्या टेकाडावर उत्खनन केले. अश्मयुगातील दगडी हत्यारे, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगातील वस्ती, त्यानंतर सातवाहनांचा काळ, असे एकाखाली एक थर त्यांना मिळाले. माणसे येथे राहत होती, घरे बांधीत होती, आपल्या मृतांना मडक्यांत पुरीत होती. त्यांनी आपल्या वस्तीस काय नाव दिले होते, हे सांगणारा कागद नाही. गावाचे नेवासा हे नाव ‘निवास’ या शब्दाशी जोडले जाते. त्या नावाच्या शेपटीला लागलेले ‘बु.’ व ‘खु.’ हे या साऱ्या थरांच्या अगदी वरचे, कालपरवाचे म्हणावेत असे थर आहेत.

असा थोरल्या-धाकट्याचा भेद करण्याची गरज केवळ महाराष्ट्रालाच भासली, असे समजू नये. पंजाब, हरियाणा व दिल्ली या भागांत बुद्रुकाच्या जागी ‘कलाँ’ हा शब्द येतो. खुर्द मात्र तोच राहतो. उत्तर प्रदेशात बुजुर्ग हा शब्द न झिजता तसाच गावांच्या नावांत आहे. कर्नाटकात बंगळूरजवळ दोड्डबळ्ळापूर आणि चिक्कबळ्ळापूर ही दोन शहरे आहेत. कानडीत दोड्ड म्हणजे मोठा व चिक्क म्हणजे लहान. दूर इंग्लंडातही तोच प्रकार आहे. तेथे लेस्टरशायर परगण्यात ॲपलबी मॅग्ना आणि ॲपलबी पार्व्हा अशी गावे आहेत. मॅग्ना आणि पार्व्हा हे शब्द इंग्रजीही नव्हेत. ते लॅटिन आहेत. तेथल्या कारकुनांची जुनी लिहिण्याची भाषा लॅटिन होती, आपल्याकडे ती फारसी होती. दोन्हीकडे गावाचे नाव लोकांनी ठेवले आणि शेपूट कचेरीने लावले.

कधी कधी हे शेपूट गळूनही पडते. पुण्याजवळ हिंगणे बुद्रुक आणि हिंगणे खुर्द अशी दोन गावे होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1900 मध्ये आपला आश्रम हिंगण्यास नेला आणि स्त्रियांच्या शिक्षणाचे मोठे कार्य तेथे उभे केले. हिंगणे बुद्रुकास पुढे त्यांच्यावरून कर्वेनगर म्हणू लागले, आणि तेथला ‘बु.’ लोकव्यवहारातून नाहीसा झाला. शहराच्या पोटात गेलेल्या इतर गावांनी मात्र तो जपून ठेवला आहे. वडगाव बुद्रुक, कोंढवा बुद्रुक, कोंढवा खुर्द ही नावे आज उंच इमारतींवरही दिसतात, जरी तेथे राहणाऱ्या पुष्कळांना त्यांचा अर्थ ठाऊक नसतो.

अर्थ ठाऊक नसला म्हणून बिघडते कोठे, असे कोणी म्हणेल. बहुधा बिघडत नाही. परंतु जेव्हा बिघडते, तेव्हा त्या एका अक्षराची किंमत कळते. शेतजमिनीचे उदाहरण घ्यावे. प्रत्येक शेताला गट क्रमांक असतो आणि ही क्रमांकांची मोजणी प्रत्येक गावात एकपासून सुरू होते. म्हणजे गट क्रमांक पन्नास बुद्रुकातही असणार आणि खुर्दातही असणार. दोन्ही नेवासेच, दोन्ही एकाच तालुक्यात, दोन्ही एकाच जिल्ह्यात. खरेदीखत करताना किंवा सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी अर्ज करताना लिहिणाऱ्याने घाईघाईत ‘नेवासा, गट क्रमांक पन्नास’ एवढेच लिहिले, तर ते शेत नदीच्या अलीकडचे की पलीकडचे? मधून सबंध प्रवरा वाहते, आणि कागदावर मात्र त्या दोन शेतांच्या मध्ये एका अक्षराहून अधिक काही नसते. ‘बु.’च्या जागी ‘खु.’ पडला, तर एकाच्या घामाची जमीन कागदोपत्री दुसऱ्याच्या बांधापाशी जाऊन उभी राहते. मग कचेरीत खेपा घालणे, दुरुस्तीचा अर्ज करणे, साक्षीपुरावे देणे हे ओघानेच येते. तरुणपणी वहीत झालेली चूक म्हातारपणी निस्तरावी लागते, असेही घडू शकते.

हा घोळ टाळण्यासाठी सरकारने उपाय केले आहेत. 2011 च्या जनगणनेत देशातील प्रत्येक गावास सहा अंकांचा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे, आणि दोन्ही नेवाशांचे क्रमांक अर्थातच वेगळे आहेत. यंत्राला अक्षरापेक्षा अंक अधिक मानवतात. परंतु आपल्या गावाचा सहा अंकी क्रमांक कोणाला तोंडपाठ असतो? अर्ज लिहिताना माणूस नावच लिहितो. म्हणून महत्त्वाच्या कागदावर संक्षेप न वापरता बुद्रुक किंवा खुर्द हा शब्द पुरा लिहावा, हे बरे. कारकुनाचा क्षणभर वेळ वाचावा म्हणून निघालेली युक्ती आपले वर्षभराचे काम वाढविणार असेल, तर तिला बाजूस सारावे.

पत्राच्या पाकिटावर मात्र संक्षेपांचेच राज्य असते. ‘मु. पो. नेवासा खु., ता. नेवासा, जि. अहिल्यानगर’ या एका ओळीत पाच संक्षेप आहेत. ‘मु.’ म्हणजे मुक्काम आणि ‘पो.’ म्हणजे पोस्ट. ज्या गावात टपाल कार्यालय असते, तेथे दोन्ही एकत्र लिहितात. जेथे ते नसते, तेथे मुक्काम एका गावाचा आणि पोस्ट दुसऱ्या गावाचे लिहावे लागते. ‘ता.’ हा येथे तालुका आहे. तोच पत्राच्या माथ्यावर गेला की तारीख होतो, आणि पत्राच्या तळाशी ‘ता. क.’ म्हणून आला की ‘ताजा कलम’ होतो. म्हणजे एकाच पत्रात तो तीन ठिकाणी तीन कामे करतो. यांतील मुक्काम, तालुका, जिल्हा हे शब्द अरबी-फारसीतून आले, पोस्ट इंग्रजीतून आला आणि नेवासा संस्कृताच्या वळणाचा. टपालवाला या भाषांचा विचार करीत थांबत नाही, तो ‘खु.’ पाहतो आणि सायकल योग्य काठाला वळवितो.

जिल्ह्याच्या नावाचीही एक मौज आहे. अहमदनगर हे नाव लांब म्हणून लोक पत्त्यावर ‘जि. अ. नगर’ असे लिहीत. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, छापील कागद बदलले. ‘अ. नगर’ लिहिणाऱ्यांना मात्र काहीच बदलावे लागले नाही.

नेवाशास येणारे बहुतेक यात्रेकरू ज्ञानेश्वरांच्या मंदिरात जाण्यासाठी येतात. तेथे दगडी खांब आहे. त्याला पैस म्हणतात. त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ग्रंथ सांगितला, अशी श्रद्धा आहे. खांबावर एक संस्कृत लेख कोरलेला आहे, आणि त्यात देवापुढील अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. हे मंदिर प्रवरेच्या दक्षिण तीराला, नेवासा खुर्दच्या बाजूस आहे. दर्शन घेऊन परतणारे लोक घरच्यांना दाखविण्यासाठी पावती घेतात, प्रसाद घेतात, आणि कोणी तेथूनच पत्र टाकावयाचे म्हटले, तर पाठविणाऱ्याच्या पत्त्यात ‘नेवासा’ लिहून त्यापुढे ‘खु.’ लिहितो.